वाफेत उमटलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, पण या दुकानात मला सगळे 'नवी मशीन' म्हणतात. माझं तारुण्य मुंबईत मोबाइलची कव्हरं छापण्यात गेलं. तिथल्या मालकाने माझ्याहून मोठी मशीन घेतली, तेव्हा भिवंडीच्या यहयाभाईंनी मला विकत घेतलं. टेम्पोतून मला उतरवताना शेजारच्या यंत्रमागांची खटखट क्षणभर थांबली होती. कारागीर दारात येऊन बघत होते. मला फार बरं वाटलं होतं.

यहयाभाईंचं दुकान लहान. त्यांच्या वडिलांपासून तिथे भांड्यांवर नावं घालून मिळत. लग्नातल्या आहेराचे डबे, मंडळांची पातेली, दावतीच्या मोठाल्या देगा, सगळं तिथे यायचं. विजेवर चालणारी एक लेखणी होती. तिचं टोक स्टीलवर थरथरत चालायचं आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं जायचं. आवाज दात आंबवणारा, अक्षर थोडं वाकडं. मी आले आणि ती लेखणी खणात गेली.

माझी रीत वेगळी. मी शाईचे बारीक थेंब सोडते. त्यांच्या मागोमाग माझा जांभळा दिवा फिरतो आणि शाई जागच्या जागी सुकते. लाकूड असो, काच असो, हवा तो रंग, हवं ते चित्र. "हात लावून बघा, लागतंय का हाताला?" असं यहयाभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. हाताला काही लागत नसे आणि गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होत. त्यांच्या पत्नी मदीहाभाभी रोज सकाळी माझ्यावर बसलेला मागांचा सुती केर पुसत आणि संध्याकाळी दुकान बंद करताना मला जुनी ओढणी पांघरत.

मला विकणाऱ्या माणसाने जाताना एक गोष्ट बजावली होती. स्टील गुळगुळीत असतं, त्यावर शाई नुसती बसते, धरत नाही. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, मग प्रायमर नावाचं पातळ औषध फिरवायचं, ते वाळू द्यायचं आणि मगच छापायचं. मित्रांनो, सुकणं वेगळं आणि धरणं वेगळं. हे त्या दिवशी यहयाभाई आणि भाभी, दोघांनीही ऐकलं होतं.

लग्नसराईत अंबाडीजवळच्या पाड्यावरून ठमाबाई आल्या. त्या तिथल्या तुळजा महिला गटाच्या प्रमुख. गटाने लग्नकार्यांना भाड्याने द्यायला नवी ताटं घेतली होती.

"नाव घाल, यहयाभाई," त्या म्हणाल्या, "पण कोरायचा न्हाय. त्या नव्या मशीनवर रंगीत पाहिजे. बाजूला लाल जास्वंद काढ. लोकांनी जेवताना बघितला पाहिजे!"

"उद्याच लग्न आहे ना, मावशी? घेऊन जा आजच."

प्रायमरची बाटली रिकामी होती. मदीहाभाभी हळूच म्हणाल्या, "अहो, थांबा ना. औषध उद्या येईल."

"उद्या त्यांच्या पंगती बसतील. या मशीनची शाई हाताला लागते का कधी? लगेच सुकते ना? चलेगा."

यहयाभाईंची एक जुनी सवय होती. भांडं हातात घेतलं की त्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडायची आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायचं. तेवढंच पुसून ताटं माझ्या खाली आली. मी नावं छापली. जास्वंदी अशा टवटवीत दिसत होत्या की ठमाबाईंनी प्रत्येक ताट उन्हात धरून पाहिलं.

लग्नसराई संपता संपता त्या परत आल्या. हातात एकच ताट, त्यावर ना नाव, ना फूल.

"मावशी, तारेच्या घासणीने घासलं असेल," यहयाभाई दुसरीकडे बघत म्हणाले.

"मग काय पिसानं घासू? जेवणाची ताटं हायत ती!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका लग्नात त्यांची ताटं आणि शेजारच्या गावातल्या मंडळाची ताटं एकत्र वापरली गेली होती. मंडळाच्या ताटांवर मुळातच नाव नव्हतं. ठमाबाईंनी आपली म्हणून बिननावाची ताटं उचलली, तेव्हा मंडळाचे केसरीनाथ सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या ताटांवर रंगीत नाव आहे असं तुम्हीच गावभर सांगत होता, मग ही कोरी ताटं तुमची कशी?

"सगळ्यांदेखत चोर ठरले, भाई. गटातल्या बाया माझ्याकडे बघत न्हायत. तू फकस्त येऊन सांग, नाव घातलेला व्हता आणि तो निघून गेला."

"बघतो, मावशी. जरा काम आटपू द्या."

ते गेले नाहीत. गेले असते तर नाव का निघालं, हेही सांगावं लागलं असतं. गावोगाव बोललं गेलं असतं, आणि माझ्यावर तर सगळं दुकान उभं होतं. त्या संध्याकाळी भाभींनी माझ्यावर ओढणी घातली ती नेहमीसारखी नीट नव्हे, तर माझं तोंड झाकावं तशी. मला ते बरंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात ठमाबाई पुन्हा आल्या. या वेळी सोबत केसरीनाथ होते. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"शेठ, ही बाई म्हणते तुम्ही नाव छापलेला," केसरीनाथ म्हणाले. "तुमच्या मशीनचा नाव पाण्यानं जातो काय? तसा असेल तर बोला. नसेल तर आमची ताटं आम्हाला द्यायला लावा हिला."

ठमाबाईंनी ताट पुढे केलं.

यहयाभाईंनी ते घेतलं. हात सवयीने चालला. त्यांनी ताटावर 'हाऽ' केलं. आणि त्या धुरकट वाफेत अक्षरं उभी राहिली. 'तुळजा महिला गट.' बाजूला जास्वंदीची पाकळी. शाई निघायच्या आधी भोवतालचं स्टील तारेच्या घासणीने घासलं गेलं होतं. अक्षरांखालचं तेवढं गुळगुळीत राहिलं होतं, म्हणून वाफ तिथे वेगळी बसली.

ते फक्त त्यांना दिसलं, आणि समोरून मला. सदऱ्याचं टोक त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. एकदा पुसलं असतं की झालं असतं.

वाफ आपोआप विरली. यहयाभाईंनी सदरा सोडला, ताट केसरीनाथांच्या तोंडासमोर धरलं आणि पुन्हा 'हाऽ' केलं.

"वाचा," ते म्हणाले. "ताट मावशींचं आहे. नाव मी छापलं. आधी औषध लावायचं असतं, ते लावलं नाही. मला माहीत होतं."

गिऱ्हाइकांपैकी एकाने हातातला डबा पिशवीत परत टाकला आणि तो निघून गेला. केसरीनाथांनी ठमाबाईंच्या पिशवीतलं दुसरं ताट काढलं, स्वतः 'हाऽ' करून पाहिलं आणि मान खाली घातली. "ठमाकाकी, चूक झाली," ते म्हणाले.

"हितं नको सांगू," ठमाबाई म्हणाल्या. "जिथं चोर बोललास, तिथं सांग."

"मीपण येतो, मावशी," यहयाभाई म्हणाले. त्यांनी खण उघडला, लेखणी काढली, पिशवीत घातली आणि तिघे निघाले. पाड्यावर सगळ्यांसमोर बसून त्यांनी ताटांवर नावं कोरली, असं भाभींनी नंतर कुणाला तरी सांगितलं. मी तिथे नव्हते. मी ओढणीखाली होते.

मित्रांनो, मी अजून काम करते. माझ्या दिव्याशेजारी आता प्रायमरची भरलेली बाटली असते. ते एक ताट ठमाबाईंनी मुद्दाम इथेच ठेवलं. ते समोरच्या भिंतीवर टांगलेलं आहे. कुणी घाई करू लागलं की भाभी जाऊन त्या ताटावर वाफ सोडतात. नाव येतं आणि जातं. तुम्ही कधी माझ्याकडे काही छापायला आणलंत, तर रंग कसा आलाय हे विचारण्याआधी एवढंच विचारा, नीट पुसून औषध लावलंय ना? आणि थांबायला सांगितलं, तर थांबा. त्या नावाच्या भरवशावर कुणीतरी उभं असतं.