वारंगा फाट्यावरचा बॉलकॉक

मी एक बॉलकॉक आहे. चिकूएवढा प्लास्टिकचा गोळा, त्याला दांडी आणि बारीक छिद्राचा नळ. पाणी उतरलं की मी खाली येतो, नळ उघडतो. भरलं की वर जातो, नळ बंद. एवढंच मला येतं, पण ते बिनचूक येतं अशी माझी ऐट होती.

माझा जन्म कुलरसाठी. वारंगा फाट्यावर भिकाबाईंच्या चहाच्या हॉटेलात दोन उन्हाळे गार हवेत मजेत काढले. मग त्यांच्या लेकीनं, दीपमालानं, खाऱ्या पाण्यातले दोन जोकर मासे आणले आणि मला कुलरमधून काढून त्यांच्या काचेच्या टाकीत बसवलं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून वरच्या ड्रममधलं फिल्टरचं गोडं पाणी लागेल तसं सोडायचं, हे माझं काम.

मे महिन्यात दीपमाला चार दिवस परीक्षेला नांदेडला गेली. जाताना म्हणाली, "माय, ड्रमला हात लावू नको."

दुसऱ्याच दिवशी जीपमधून एक बाई उतरली. लेकराच्या दुधासाठी गोडं पाणी मागू लागली. हॉटेलातला जार संपलेला. भिकाबाईंनी ड्रममधलं दिलं. मग जीपमधल्या सगळ्यांनाच दिलं. पाण्याला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. रिकामा ड्रम त्यांनी बोअरच्या पाण्यानं भरला. त्यातल्या क्षारांची खर माझ्या छिद्रात अडकली. मी नुसता लोंबकळत राहिलो, थेंब येईना.

तिसऱ्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडला. भिकाबाईंनी फोन लावला.

"दीपे, पाणी चार बोटं उतरलं. मूठभर मीठ टाकू का?"

"न्हाई माय! मीठच वाढून राहिलं तिथं. ड्रममधलं टाक."

"ते म्या वाटलं गं. लेकरू रडत होतं."

दीपमाला म्हणाली, "बराबर केलं. आता नवा जार आण. तासाला एक तांब्या, एकदम न्हाई."

गिऱ्हाईकांचा चहा उतू गेला, पण भिकाबाईंचा तांब्या चुकला नाही. माझं काम त्या करत होत्या आणि मला लाज वाटत होती. चौथ्या दिवशी तो मासा उठून दाणे खाऊ लागला, तेव्हा भिकाबाई पदरानं डोळे पुसत खुर्चीवर बसल्या.

दीपमालानं येऊन ड्रम धुतला, मलाही साफ करून परत बसवलं. तरी भिकाबाई दिवसातून चारदा येतात, मला बोटानं दाबतात, थेंब पडतो का बघतात. आधी राग यायचा. पण आता माझाच माझ्यावर पहिल्यासारखा भरवसा राहिलेला नाही. म्हणून एवढंच मागतो, भिकाबाई : दाबून बघत जा.