हाताला ठाऊक असलेलं डोकं

सलूनवाले काका एरवी शिल्पकाराच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. या पठ्ठ्याने खांद्यापर्यंत केस वाढवून त्यांच्या धंद्याचा अपमानच चालवला होता. पण इतक्या वर्षांनी चौकात पुतळा बसणार होता, तो काकांच्याच पोराचा. पोरगा नौदलात गेला, युद्ध लागलं आणि त्याचं जहाज सगळ्यांसकट तळाशी गेलं. घरी काहीच आलं नाही. शेवटचं तोंड पाहणंसुद्धा नवरा-बायकोच्या नशिबी नव्हतं. निदान हे मातीचं डोकं तरी हुबेहूब व्हावं, एवढ्यासाठी काका दुकान बंद ठेवून आले होते.

"फोटो समोरून काढलाय," शिल्पकार म्हणाला. "मागची बाजू अंदाजानं केलीय. कशी होती ते तुम्ही सांगा."

"सांगायचं काय त्यात? लहानपणापासून त्याचे केस मीच कापलेत. सरका."

काकांनी बाह्या सारल्या, डोळे मिटले आणि ओल्या मातीवर हात ठेवले. डोळे बांधले तरी नुसत्या स्पर्शावरून ते गिऱ्हाईक ओळखत आणि त्याची शेखी गल्लीभर मिरवत. त्यांनी कानामागे माती दाबली, टाळू थोडी बसकी केली, मानेवर भर घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा खुलला होता. पोरगा हाताखाली बसला होता.

मग त्यांनी बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारली. ती डोक्यामागे जाऊन उभी राहिली.

"अहो, हा तर आपला बेकरीवाला."

काकांनी पुन्हा हात लावला. खरंच की. कालच त्याचे केस कापले होते. त्यांनी माती सपाट केली आणि नव्याने सुरुवात केली. या खेपेला मास्तरांचं डोकं झालं, मग पोस्टमनचं. पोरगा गेल्यावरही पोटासाठी दुकान उघडावं लागलंच होतं, आणि हाताखालून गेलेल्या त्या शेकडो डोक्यांनी पोराला बोटांतून पुसून टाकलं होतं.

"तू सांग ना," काका रडकुंडीला येऊन म्हणाले. "त्याला न्हाऊ तू घालायचीस."

तिने मातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हे त्याचं नाही, एवढंच कळतंय. त्याचं कसं होतं ते मलाही आठवत नाही हो आता."

शिल्पकाराने घसा खाकरला. "काका, वर नौदलाची टोपी येणारच आहे. मागचं कुणाला दिसणार नाही."

"बरं," काका म्हणाले आणि हात धुवायला नळ कुठे आहे ते विचारलं.