काळा झालेला डाळिंबी रुमाल

मित्रांनो, आज मी काळा दिसतो. पण माझा जन्माचा रंग डाळिंबी. महल्ला नावाच्या गावी, मागावर मी विणला गेलो. तंटा नावाच्या गावच्या जत्रेत इन्साफ नावाच्या बाईने मला निवडले आणि माझ्या काठाला मणी ओवले.

दुपारी खिडक्या लावून ती मला कमरेला आवळून बांधायची आणि नाचायची. शेवटी डोक्यावर चहाचे तबक घेऊन नुसती कंबर अशी थरथरवायची, की पेल्यातला चहा हिंदकळत नसे. घरात जमलेल्या गल्लीतल्या बायका तोंडात बोट घालायच्या.

तिच्या लेकीचे, रबाबचे, लग्न ठरले. मेंदीच्या रात्री नवरीने बायकांपुढे नाचायचे असते. मग मी रबाबच्या कमरेला आलो.

"अगं, खांदे कशाला हलवतेस? लोणी घुसळतेस का?"

"आई, माझी कंबर ऐकतच नाही!"

"गुडघे सैल सोड. टाचा जमिनीवर. छाती स्थिर."

शेजारची फतहीची आई दारातून हसली. "इन्साफ, नाचू दे हिला असंच. सासू मेंदीच्या आधीच पळून जाईल!"

हळूहळू रबाबला झोका जमला, कमरेचा गोल फेरा जमला. थरथर तेवढी शिकायची राहिली.

"आई, दमले गं. उद्या."

"बरं, उद्या," म्हणत इन्साफने मला खुंटीवर टांगले.

पहाटे ती उठलीच नाही.

माणूस गेले की आमच्याकडे बायका रंगीत कपडे काळ्या रंगात बुडवतात. फतहीच्या आईने माझे मणी कापले. "दुःखाच्या घरात किणकिण नको, पोरी." उकळत्या हंड्यात मला रबाबनेच सोडले. आपण काय बुडवतो आहोत, हे तिने पाहिलेही नाही.

लग्न वाद्यांशिवाय झाले. मी तिच्या डोक्याला बांधला गेलो. एकदा दार लावून तिने मला कमरेला गुंडाळले, गुडघे सैल सोडले. थरथर येईना. ती थरथर माझ्या धाग्याधाग्यात मुरलेली होती, पण मला बोलता येत नव्हते. रबाबने मला सोडून पुन्हा डोक्याला बांधले.

परवा तिची मुलगी म्हणाली, "आई, आजी नाचायची तसं शिकव ना मला."

"मला नाही येत गं," रबाब म्हणाली आणि घेवडा निवडू लागली.

मित्रांनो, रुमाल पेटीत जपता येतो. अंगातली कला जपता येत नाही. घरात कुणाच्या हातापायांत काही असेल, तर ते आजच मागून घ्या. इन्साफची ती थरथर आता या जगात कुणालाच येत नाही.