करडीच्या पुलावरचं हार्वेस्टर

परमिट हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं काम आलं. शहापूरच्या धम्मदीप आणि मनालीनं जड वाहनं ओढायची गाडी घेतली होती. धम्मदीप चालवायचा आणि मागच्या दोराचं यंत्र, विंच, मनाली सांभाळायची. करडीहून हेमराज नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा ती गाडी पुसत होती.

"ताई, हार्वेस्टर पुलावरच बंद पडलं जी! पल्याड धान उभा हाय, आभाळ भरून येऊन राहिलं. लवकर या!"

दोघं निघाली. मनालीला स्वस्थ बसवेना. नवरा गाडी सावकाश चालवतो असं तिला वाटत होतं, आणि तो मात्र गिअर बदलताना स्वतःशीच हसत होता.

करडीचा पूल नाल्यावर होता. अरुंद, जुना, तोंडाशी पंधरा टनांची पाटी. मधोमध लाल हार्वेस्टर उभं होतं आणि काठावर अर्धं गाव जमलं होतं. हेमराज धावत आला.

"रिव्हर्स घेऊन जवळ न्या ना जी, उचला अन् चला!"

धम्मदीपनं पाटी वाचली. "भाऊ, आमची गाडी चौदा टन, तुमचं हार्वेस्टर दहा. दोन्ही एकदम पुलावर गेले तर पूलच खाली बसंल."

"मग काहून आले तुम्ही?"

"ओढाले," मनाली म्हणाली. "पण इथूनच."

गाडी पुलाअलीकडे कडक जमिनीवर उभी राहिली. मनालीनं दोर सोडायला घेतला. तो हार्वेस्टरच्या मागच्या आकड्यापर्यंत पोचलाच नाही, दोन हात कमी पडला. गर्दीतून "अरे रे" उठलं. धम्मदीपनं केबिनमागची जाड साखळी काढली, दोराच्या टोकाला जोडली आणि आकड्यात अडकवली. आता पोचलं.

"हेमराजभाऊ, तुम्ही स्टिअरिंगवर बसा," मनाली म्हणाली. " न्यूट्रलमध्ये ठेवा. मागं पाहा, माझ्या हाताकडं पाहा. बाकी समदे दूर व्हा! दोर तुटला तर पाय कापते!"

लोक मागं सरले. मनालीनं दांडा ओढला. दोर ताणला गेला, टणकन आवाज झाला आणि हार्वेस्टर हललं. इंच, मग वीत. काठावरून ओरडा झाला. तेवढ्यात मागचं चाक कठड्याकडे वळलं, एक दगड सुटून नाल्यात धपकन पडला.

"डावीकडं! डावीकडं घ्या!" मनाली ओरडली. तिनं विंच थांबवली. हेमराजनं घाबरून स्टिअरिंग गच्च धरलं होतं.

"भाऊ, माझा हात दिसून राहिला?"

"दिसते!"

"मग हळूच सोडा. आता डावीकडं. बस. तसंच."

चाक पुन्हा सरळ झालं. तिनं दांडा ओढला आणि यावेळी थांबली नाही. हार्वेस्टरची पुढची चाकंही पुलाबाहेर आली आणि काठावर एकच जल्लोष उसळला. एका म्हातारीनं मनालीचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले.

हेमराज हसत उतरला. "आता सरळ महामार्गावरून शहापूरले?"

"अजून नाही," धम्मदीप म्हणाला. "हा पुढचा कटर लई रुंद हाय. एवढी रुंदी आमच्या परमिटात बसत नाही. पयले तो काढू, ट्रॅक्टरवर वेगळा नेऊ."

कुणी कुरकुरलं नाही. पाने-पकडी आल्या, माणसं आली, कटर सुटून ट्रॉलीवर चढला. मग धम्मदीपनं हार्वेस्टरची पुढची चाकं उचलली आणि वरात निघाली.

शहापूरच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीनं डिझेलची फुटलेली नळी बदलली. उन्हं कलायच्या आत इंजिन धडधडलं. हेमराजनं शिट्टी मारली. आभाळ फुटायच्या आत तो यंत्र घेऊन परत निघाला, ट्रॅक्टर पुढे आणि तो मागे.

"पहिलंच काम होतं आमचं," मनालीनं मिस्त्रीला सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला आणि आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. तिनं तो खाली आणला नाही.