मधला घोडा

"हत्तीला नदी ओलांडता येत नाही म्हणे. हत्तीला!"

त्र्यंबकराव पुटपुटले ते स्वतःशीच. पण ओटा आणि डायनिंग टेबल यांच्यात जेमतेम चार फुटांचं अंतर, त्यामुळे पुऱ्या लाटणाऱ्या सुनेत्राला ते स्वच्छ ऐकू आलं. सासऱ्यांनी पुढे सरकवलेली गोल लाकडी सोंगटी स्वतःच मुकाट्याने मागे घेतली. तीन महिने ते हे चिनी बुद्धिबळ शिकत होते आणि अजूनही दर डावात एकदा तरी हत्ती सरळ दामटत होते. नागपुरात ज्या हत्तीशी जन्मभराची ओळख, तो नाकासमोर चालणारा. हा हत्ती तिरका चालायचा, तोही दोनच घरं, आणि पटाच्या मधोमध काढलेली नदी आली की शहाण्या मुलासारखा काठावर थांबायचा.

"सुनेत्रा, बाबांची खेळी आहे," गिरीश म्हणाला. तो बाबांच्या समोरच बसला होता.

"बाबा, तुमची खेळी," सुनेत्रा म्हणाली.

"दिसतंय मला," त्र्यंबकराव पटाला म्हणाले.

ऑक्टोबरात त्र्यंबकराव आल्यापासून घरात हे असंच चाललं होतं. बाबांना विचार, चहा हवा का. त्याला सांग, बर्फ उपसताना टोपी घाल म्हणावं. बाबांच्या गोळ्या संपल्यात का बघ. सुनेत्रा ऑफिसात दोन सॉफ्टवेअरांमधले निरोप नीट पोचतात की नाही, ते तपासायचं काम करायची. घरी आल्यावर तेच काम, फक्त इथे सिक लीव्ह नव्हती. भांडण म्हणावं तर नव्हतं. दोघं एका सोफ्यावर बसून बातम्या बघायचे. उठताना मात्र आधी एक उठायचा, मग थोड्या वेळाने दुसरा.

मंगळवारी त्र्यंबकरावांचं विमान होतं. दाराशी दोन बॅगा उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी बाथरूममधला वजनकाटा. बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, नागपूरच्या पुतण्याच्या, श्रीरंगच्या मुलांसाठी चॉकलेटं असं सगळं भरून झालं होतं. वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

पट आणि सोंगट्या गुओ आजोबांनी दिलेल्या. त्र्यंबकरावांच्या नातीच्या, रुचाच्या वर्गातल्या मेईचे ते आजोबा. दुपारी शाळेची बस यायच्या वेळी दोन्ही म्हातारे कोपऱ्यावर उभे राहायचे, एक कानटोपीत, एक फरच्या टोपीत. एकाला चिनी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, आणि इंग्रजी दोघांनाही बेताचं. डिसेंबरात एका दिवशी गुओ आजोबांनी कोटाच्या खिशातून हा घडीचा कापडी पट काढला आणि तेव्हापासून भाषेचा प्रश्न मिटला. त्र्यंबकराव परत जाणार हे कळल्यावर त्यांनी सोंगट्यांसकट तो हातात ठेवला.

त्याला तीन आठवडे झाले होते. त्र्यंबकरावांनी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर रुचाची कात्री घेऊन कागदाच्या बत्तीस गोल चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर सुबक मराठी अक्षरं काढली आणि प्रत्येक सोंगटीवर एकेक चिकटवली. ह, घ, तो, प्या, से. त्यांना स्वतःला चिठ्ठ्यांची गरज नव्हती. चिनी अक्षरं त्यांना पाठ झाली होती. ऑर्डनन्स फॅक्टरीत फोरमन म्हणून आयुष्य काढलेला माणूस, तोफ तर त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. चिठ्ठ्या कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. 'ये, एक डाव टाकू' असंही म्हणाले नाहीत. दर शनिवारी सकाळी टेबलाच्या कडेचा पट उचलून मधोमध मांडायचे, आणि रविवारी रात्री पुन्हा कडेला ठेवायचे.

आज रविवार. बर्फ थांबला होता. ड्राइव्हवे साफ करून गिरीश मघाशी आत आला, हात चोळत टेबलापाशी घुटमळला आणि खुर्ची ओढून बसला. सुनेत्राने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो उठेल असं तिला वाटलं.

"रुचा, बाबाला सांग," त्र्यंबकराव म्हणाले, "तोफेला मारायचं असलं तर मध्ये एक सोंगटी लागते. तिच्यावरून उडी मारून पलीकडचं घेते."

टेबलाच्या टोकाला पोस्टरवर स्केचपेनने अक्षरं रंगवणारी रुचा मान वर न करता म्हणाली, "ही कॅन हिअर यू, आजोबा."

"आणि दोन सेनापतींनी एका रेषेत एकमेकांसमोर यायचं नाही. मध्ये कोणी ना कोणी पाहिजेच. मधला उठवला, की उठवणारा हरला."

"असं का?" गिरीशने पटाकडे बघत विचारलं.

"नियम आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

सुनेत्राचं लाटणं थांबलं. पोळपाटावरची पुरी एका बाजूने लांबट झाली होती. ती मोडून तिने पुन्हा गोळा केला.

डाव सुरू राहिला. प्यादी गेली, दोन्हीकडच्या तोफा गेल्या. गिरीश लहानपणी नागपुरात बाबांशी बुद्धिबळ खेळायचा तेव्हा जसा एक पाय खुर्चीवर घेऊन बसायचा, तसा बसला होता. त्याचं त्यालाही कळलेलं दिसत नव्हतं.

"ओके, एव्हरीबडी लिसन," रुचा म्हणाली. "मंडेला क्लाससमोर वाचायचंय. मी प्रॅक्टिस करते."

तिचा प्रोजेक्ट प्राचीन चीनमधल्या एका व्यक्तीवर होता. बाकीच्या मुलांनी राजे घेतले होते. तिने हान शिन नावाचा सेनापती घेतला होता, कारण गुओ आजोबा म्हणायचे की हा खेळ त्यानेच काढला: थंडीत छावणीत अडकलेल्या शिपायांना घराची आठवण येऊ नये म्हणून. खरं-खोटं कोणाला माहीत, पण असं म्हणतात, हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पटावरची नदी त्याच्या काळातल्या एका लढाईतली. हानचं राज्य एका बाजूला, चूचं दुसऱ्या बाजूला.

"ही वॉज सो पुअर," रुचा वाचू लागली, आणि आजोबांसाठी मधूनमधून मराठीत येत राहिली. "त्याला खायला पण नव्हतं. नदीवर एक बाई कपडे धुवायची, तिने त्याला खूप दिवस राईस दिला. तो म्हणाला, मी मोठा झालो की तुला रिपे करीन. ती चिडली. म्हणाली, मी तुझी दया आली म्हणून देते, रिपे काय करतोस."

"बरोबर आहे तिचं," सुनेत्रा म्हणाली.

"मग मार्केटमध्ये एक बुली होता. तो म्हणाला, हिंमत असेल तर मला स्वोर्डने मार, नाहीतर माझ्या पायांमधून क्रॉल कर. हान शिनकडे स्वोर्ड होती. पण त्याने क्रॉल केलं. सगळे हसले."

"हसणारच," गिरीश म्हणाला.

"हसू देत." त्र्यंबकरावांनी रथाची सोंगटी दोन घरं सरकवली. "तलवार काढली असती तर तिथेच फाशी गेला असता. त्याला पुढे जायचं होतं. बाजाराला काय, दोन दिवस हसायला मिळालं."

बाबांनी स्वतःशी बोलल्यासारखं का होईना, पण सरळ आपल्याशी इतकी वाक्यं बोलावीत याची गिरीशला सवय नव्हती. त्याने पाय खाली घेतला.

रुचाने पान उलटलं. हान शिनने एका लढाईत मुद्दाम नदी पाठीशी ठेवून सैन्य उभं केलं, कारण मागे पळायला जागा नसली की माणसं लढतात. तो जिंकला, राजा त्याच्या जिवावर बादशहा झाला, त्या धुणाऱ्या बाईला त्याने शोधून काढून सोनं दिलं, त्या बुलीला सैन्यात नोकरी दिली. शेवटी बादशहाच्या राजवाड्यातच त्याला मारलं. हे सगळं तिने एका दमात वाचलं.

"आणि एक राहिलं. त्याची आई. तो पुअर होता तेव्हाच ती वारली. फ्युनरलला पैसे नव्हते. काहीच करता आलं नाही त्याला. पण त्याने तिला पुरायला एक उंच जागा शोधली, एकदम वाइड. म्हणजे पुढे तिच्या भोवती टेन थाउजंड फॅमिलीज राहू शकतील एवढी."

"मग राहिल्या?" गिरीशने विचारलं.

"आय डोन्ट नो." रुचाने स्केचपेनचं टोपण लावलं. "तुझ्यासारखंच ना, बाबा? आजी गेली तेव्हा तुला पण जाता नाही आलं. प्लेन्स बंद होती."

कढईत पुरी फुगली होती. सुनेत्राने झारा हातात घेतला आणि तसाच धरून उभी राहिली.

"हो तर," त्र्यंबकराव म्हणाले, इतक्या घाईने की हातातली सोंगटी टेबलावर आपटली. "विमानंच बंद होती. मी सगळ्यांना तेच सांगितलं. पोरगा काय पोहत येणार आहे का?"

'विमानं बंद' हे वाक्य मूळचं सुनेत्राचं. जुळे मनोरे कोसळले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बारा सप्टेंबरला पहाटे श्रीरंगचा फोन आला, शोभाकाकू गेल्या म्हणाला, तेव्हा गिरीशला बोलवेना म्हणून रिसीव्हर तिने घेतला आणि ती म्हणाली, विमानं बंद आहेत रे. त्या दिवशी ते खरं होतं. नंतर ते कोणी बदललं नाही. गिरीशने माळ्यावरची बॅग काढून पलंगावर उघडली. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता, तिकडे जाऊन नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परत येता येणार नव्हतं, आणि वकील फोनवर म्हणाला होता, जा, पण परत येऊ देतील की नाही ते सध्या मी सांगू शकत नाही. ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली होती. बॅग तशीच उघडी राहिली. ती दोघं पलंगाच्या दोन कडांना झोपायची. तेराव्याला नागपुरात श्रीरंगने सगळं केलं, आणि त्या रात्री गिरीशने बॅग बंद करून माळ्यावर ठेवली.

पुरी लाल झाली. तिने ती काढली.

टेबलावर डाव संपत आला होता. मधल्या रेषेच्या एका टोकाला गिरीशचा सेनापती, दुसऱ्या टोकाला बाबांचा, आणि मध्ये एकटा गिरीशचा घोडा. डोक्यावर वळणदार अक्षरातला 'घ'.

गिरीशने घोडा उचलला. जरा वेळ बोटांत धरला आणि बाजूच्या रेषेत ठेवला.

"ही खेळी चालत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "समोरासमोर येतात दोघं."

"माहीत आहे."

"मग घे परत. मी धरत नाही, घे."

गिरीशने घेतला नाही. तेव्हा त्र्यंबकरावांनी स्वतःच हात लांब केला आणि मुलाचा घोडा उचलून पूर्वीच्या घरात ठेवायला नेला. गिरीशने त्या रिकाम्या घरावर आपला तळवा ठेवला.

"बाबा," तो म्हणाला. सुनेत्राने सवयीने मान वर केली. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. "विमानं बंद नव्हती. चौथ्या दिवशी सुरू झाली होती."

त्र्यंबकरावांच्या हातात घोडा तसाच होता. अंगठ्याने ते त्यावरच्या चिठ्ठीची सुटलेली कड दाबत राहिले.

"तिसऱ्या," ते म्हणाले.