तिरके सड

घोडी उद्या यायची होती. ती आजच आली, सकाळी दहाला, आणि घरी मी एकटा होतो.

सूनबाई कुंपणासाठी जास्तीची तार आणायला शहरात गेली होती. निघताना तिनं विचारलं होतं, "बाबा, ओढ्याकडचा पट्टा झाला ना?"

मी पुस्तकातून मान वर न करता "झाला" म्हणालो. झाला नव्हता. उद्यापर्यंत होईल असा माझा अंदाज होता. माझे अंदाज आजवर कधी बरोबर आले होते, म्हणून हा यावा?

त्या पट्ट्याचं आधी सांगतो, नाहीतर मी इतका का घाबरलो ते कळायचं नाही. घरामागच्या झाडीत घोडे ठेवायचे ठरले, तेव्हा मोठी झाडं लाकूडतोड्यानं पाडली आणि त्यांचे बुंधे यंत्रानं उपटले. अंगठ्याएवढी, मनगटाएवढी रोपटी आणि झुडपं माझ्या वाट्याला आली. जन्म ग्रंथालयात गेलेल्या माणसाला जमेल असं तेवढंच होतं. मी कोयत्यानं छाटत गेलो. तिरका घाव हाताला सोपा जातो म्हणून सगळे तिरके घातले. प्रत्येक रोपट्याचा वीतभर सड, म्हणजे बुडखा, जमिनीबाहेर राहिला, आणि त्याला बोरूसारखं टोक. खरं सांगायचं तर ती टोकं मला सुबक वाटली होती.

तीन दिवसांपूर्वी लाकूडतोड्या तिकडून गेला आणि थबकला.

"मास्तर, हे काय? भाले पेरलेत?"

"थोडे उंच राहिले का?"

"उंचीचं सोडा. घोडं पळतं तेव्हा खाली बघत नाही. यातला एक खुरात गेला की पाय गेला, अन् पाय गेला की घोडं गेलं. पडलं तर पोटातच." त्यानं एका टोकावर अंगठा टेकवून दाखवला. "खाली बसायचं, करवत आडवी धरायची, मातीबरोबर कापायचं. पुस्तकात नव्हतं वाटतं?"

"करतो," मी म्हणालो.

"करा. घोडामैदान जवळच आहे."

तो हसत गेला. मला हसू आलं नाही. कुंपणापासून मधल्या मोठ्या खडकापर्यंतचे सड मी तीन दिवसांत गुडघ्यांवर बसून कापले. खडकापासून ओढ्यापर्यंतचे तसेच होते, आणि मधल्या दिवसांतल्या वाऱ्यानं त्यांच्यावर वाळलेला पाला पसरला होता. सूनबाईला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. नोकरी सोडून तिनं या एका गाभण घोडीवर सगळं लावलं होतं. तिला काय सांगणार, की सासऱ्यानं सोपं म्हणून तिरकं कापलं?

ट्रकचा ड्रायव्हर घाईत होता. "एक दिवस आधी आलो, पण माझा रस्ता इकडूनच होता. घ्या आजोबा, धरा."

घोडी फळीवरून खाली उतरली. तांबूस, पोटानं जड, आणि माझ्या कल्पनेपेक्षा फारच मोठी. दोर माझ्या हातात आला. मी आयुष्यात कुत्र्याचीही साखळी धरली नव्हती. "मला हे जमणार नाही," एवढं म्हणायचं होतं, पण अनोळखी माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

ड्रायव्हरनं फळी धाडकन बंद केली. घोडीनं मान उडवली, तळहातांतून दोर सरसरत गेला, आणि ती मोकळ्या रानात सुटली.

"जाऊ द्या, कुंपण आहे की," ड्रायव्हर म्हणाला. "भूक लागली की येईल."

"अहो, पण तिकडे..."

"मागे तेवढं धावू नका. धावलात की ती जास्त पळणार." आणि तो गेला. मी त्याला थांबवायला हवं होतं.

घोडी खडकाच्या पलीकडे गेली. मग ती थांबली, पाल्याच्या बरोबर मध्ये, आणि खाली मान घालून हुंगू लागली. चारही पाय शाबूत होते. ती नशिबानं आत गेली होती. बाहेरही तशीच येईल, यावर मला विश्वास ठेवता येईना.

मी सूनबाईला फोन लावला.

"घोडी आली," मी म्हणालो. "सुटली आहे."

"लागलं का कुणाला?"

"नाही. ओढ्याकडे उभी आहे."

"मग ठीक आहे. तो पट्टा साफ आहे. तुम्ही जवळ जाऊ नका, ती बिथरेल. मी अर्ध्या तासात पोचते."

साफ आहे. "बरं" म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि यावेळी पुस्तकाचा आडोसाही नव्हता.

अर्धा तास म्हणजे फार. रस्त्यावर एखादा भोंगा वाजला, एखादं पाखरू भर्रकन उडालं, तरी पुरे होतं. मी करवत घेतली आणि खडकाजवळ जाऊन खाली बसलो. सुचलं ते एवढंच, की घोडीपर्यंत वाट कापत जायची. पाला हातानं बाजूला करायचा, सड सापडला की करवत मातीला टेकवून हळूहळू ओढायची. आवाज जवळजवळ होत नव्हता. पातं मात्र सारखं घसरायचं. तिनं कान माझ्याकडे वळवले की मी थांबायचो. कान सैल झाले की पुन्हा सुरू. अंगठा कापला होता, ते रक्त पानांवर दिसलं तेव्हा कळलं.

किती कापले ते आठवत नाही. एकदा मान वर केली तर तिचे पुढचे पाय माझ्यापासून दोन हातांवर होते. तिचा श्वास माझ्या टकलावर येत होता. तिच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये, पाल्यातून एक टोक वर आलेलं होतं. बसायचं तिच्या मनात आलं असतं तर ते सरळ पोटात गेलं असतं.

मला पुढे सरकता येईना, मागेही येईना.

"बाबा, हलू नका."

सूनबाई खडकाजवळ उभी होती. गाडी तिनं लांबच ठेवली असावी. मी कापलेल्या वाटेकडे आणि दोन्ही बाजूंच्या पाल्याकडे तिनं पाहिलं.

"हे काय आहे?"

"सड. मी तिरके कापले. अजून आहेत."

"किती?"

"माहीत नाही."

"झाला म्हणालात."

"खोटं बोललो."

ती त्या वाटेनं एकेक पाऊल टाकत आली, घोडीशी हलकेच काहीतरी पुटपुटत राहिली, आणि तोंडावरची मोहरकी धरून तिनं कपाळ घोडीच्या मानेला टेकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी धरलंय. तो पोटाखालचा काढा."

मी पोटाखाली हात घातला. घोडीची कातडी थरथरली आणि मागचा एक पाय उचलला गेला. "ओ, ओ, ओ," सूनबाई म्हणत होती, आणि तो आवाज घोडीसाठी होता की माझ्यासाठी, कोण जाणे. करवत सहा वेळा ओढली. सड आडवा झाला. पाय हळूच खाली आला.

आम्ही तिला त्याच वाटेनं बाहेर काढलं. तबेल्यात बांधून सूनबाईनं चारही खूर उचलून पाहिले, पोटावरून दोनदा हात फिरवला. कुठे ओरखडाही नव्हता. मला वाटलं, आता ती बोलेल.

ती कुंपणापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. खडकाच्या अलीकडचा, मी कापून झालेला भाग ती उघड्या तळहातानं चाचपू लागली, वीतवीत करून.

"तो झालाय," मी म्हणालो. "तो खरंच झालाय."

ती चाचपत राहिली. मी मागे उभा होतो. बऱ्याच वेळानं तिचा हात थांबला. तिनं पाला बाजूला सारला आणि सरकून मला दिसेल अशी जागा केली.

एक तिरका सड राहिला होता, अंगठ्याएवढा जाड. त्याच्या दोन बोटं बाजूला मातीत खुराचा ताजा ठसा होता.

"दुसरी करवत कुठे आहे?" तिनं विचारलं.