झेंडूची माळ घातलेली बंदूक

मित्रांनो, माझी ओळख ऐकून दचकू नका. मी एक जुनी छऱ्यांची बंदूक आहे. सध्या माझा मुक्काम जर्मनीत, बॉनजवळच्या एका गावी, पोलीस ठाण्याच्या तळघरात आहे. आजूबाजूला माझ्यासारख्या पुष्कळ जणी पडल्या आहेत. थोड्याच दिवसांत आम्हाला भट्टीत घालून वितळवणार आहेत. त्याआधी आपली हकिगत कोणीतरी ऐकून घ्यावी असे फार वाटते. मी जन्माने जर्मन, पण मराठी एका मराठी घरात राहून शिकले. म्हणून तुम्हालाच सांगते.

दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादाची नळी, आणि पोटात एक दणकट स्प्रिंग. माझी रीत अगदी साधी. नळी मध्यावर खाली वाकवली की स्प्रिंग ताणली जाते. उघड्या नळीत एक छरा बसवायचा, नळी मिटायची आणि चाप ओढायचा.

माझे पहिले मालक ब्रिंकमन आजोबा. गावातल्या नेमबाजीच्या क्लबात त्यांनी माझ्याबरोबर कितीतरी रविवार काढले. तिथे माझे भारी कौतुक होई. "हिचा नेम चुकत नाही," असे लोक म्हणत आणि श्रेय आजोबांऐवजी मला देत, म्हणून आजोबा लटकेच रागावत. क्लबाचा एक नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. बंदूक खाली ठेवायची तर नळी उघडी ठेवूनच. उघडी बंदूक उडत नाही आणि ते लांबूनही दिसते. त्यामुळे क्लबात मला कोणी घाबरत नसे.

आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर विलास आणि मनोरमा हे जोडपे भाड्याने राहायला आले. विलास पुण्याचा, कोलोनच्या एका यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. माझी स्प्रिंग थकली होती. विलासने मला खोलून ती अशी काही नीट बसवली की मी पुन्हा तरुण झाले. आजोबांची नजर तोवर अधू झाली होती. त्यांनी मला विलासच्या हवाली केले आणि त्याला क्लबातही नेले.

देताना ते म्हणाले, "विलास, आधी हाफ्टप्फ्लिष्ट काढ, मग हिला हात लाव." आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा हा विमा. जर्मन माणूस घरात बिछान्याआधी तो आणतो. विलास "जा, जा" म्हणाला. जर्मनीत राहून 'जा' म्हणजे 'हो' हे तो शिकला होता, पण हा 'जा' तोंडदेखला होता.

पुढे क्लबाच्या वार्षिक सभेत आजोबांनी एक ठराव मांडला. क्लबाचा विमा क्लबाच्या आवारापुरता होता. जो सभासद बंदूक घरी ठेवतो, त्याने स्वतःचा विमा दाखवलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शिकाऱ्याला विम्याशिवाय परवाना मिळत नाही. माझ्यासारखीला मात्र परवाना नको आणि विमाही नको, हे त्यांना पटत नव्हते.

विलास उठला. जर्मन अडखळत असले तरी तो बोलला छान. "सक्ती केली की माणूस कागद दाखवतो आणि मोकळा होतो. काळजी घ्यायची ती राहूनच जाते. मला सांभाळून वागणारे सभासद हवेत, विमेवाले नकोत." टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. मी टेबलावर नळी उघडी टाकून पडले होते. खरे सांगू, त्या दिवशी मलाही विलासचेच पटले होते. इतकी वर्षे माझ्यामुळे कोणाला ओरखडाही उठला नव्हता.

आता त्या दसऱ्याकडे येते. मनोरमाने घरी शस्त्रपूजा मांडली होती. पुण्याला विलासच्या घरी कात्री, विळी, पाने-हातोडी असे सगळे पुजत. इथे शस्त्र म्हणावे अशी मीच होते. ऊर्मिला आणि प्रसन्न हे त्यांचे जिवाभावाचे मित्र बॉनहून आले होते. प्रसन्न सॉफ्टवेअरमध्ये होता. आठ वर्षांची देवश्री त्यांची एकुलती एक. विलासकाकांवर तिचा फार जीव. ते मराठीत विचारत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दोघांचे मस्त जमे.

आदल्या संध्याकाळी विलास मला तळघरात तपासत होता. नळी उघडून त्याने छरा बसवला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. त्याने मला तशीच, उघडी, बाजूला ठेवली आणि तो वर गेला. उघडी बंदूक उडत नाही, हे तो क्लबातच शिकला होता. सकाळी मला तशीच वर आणून पाटावर ठेवले.

मनोरमा पाहतच राहिली. "अहो, ही मोडल्यासारखी दिसते. भंगलेली वस्तू पुजतात का?"

"मोडलेली नाहीये गं. अशीच ठेवतात."

"क्लबात ठेवा तशी. पाटावर सरळ करून ठेवा."

विलासने हसत माझी नळी मिटली. आदल्या संध्याकाळचा छरा आतच होता, तो विसरला होता. स्प्रिंग ताणलेली होती. मला सगळे कळत होते, आणि मला तोंड नव्हते.

मग हळदकुंकू झाले. मनोरमाने झेंडूची टपोरी माळ माझ्यावर घातली, ती खाली चापाजवळ लोंबत राहिली. दस्ता भिंतीकडे आणि नळी माणसांकडे होती. क्लबात कोणी असे ठेवले असते तर त्याला हाकलून दिले असते. इथे मात्र मी त्या दिवसापुरती देव होते, आणि देवाचे तोंड भक्तांकडेच असते. आरती झाली. विलासने कपाळाला लावायला मला दोन्ही हातांनी उचलले. माळ चापात अडकली आणि ओढली गेली.

आवाज फार झाला नाही. देवश्री समोर प्रसादासाठी हात पुढे करून बसली होती. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "इश झेहे निश्ट्स." मला दिसत नाहीये. ते ऐकून ऊर्मिला जी किंचाळली, तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

देवश्रीचा उजवा डोळा गेला.

पोलिसांनी मला नेले, तपासले आणि बऱ्याच महिन्यांनी परत आणून दिले. विलासने मला दाराजवळच्या कपाटात कोंबले. क्लबात तो पुन्हा गेला नाही. एकदा ब्रिंकमन आजोबा वर आले आणि त्याच्याशेजारी बसले. निघताना म्हणाले, "त्या दिवशी मी आणखी भांडायला हवं होतं."

मग एक दिवस ऊर्मिला आली. देवश्रीचे बूट दसऱ्याच्या दिवसापासून तिथेच राहिले होते. मनोरमा ते रोज पुसत असे. कपाटाच्या फटीतून मला दोघी दिसत होत्या.

ऊर्मिलाने बूट हातात घेतले. "आता तिला होणार नाहीत," ती म्हणाली.

मनोरमा म्हणाली, "ऊर्मिला, एक मागू? तुमच्या क्रांकेनकासेनं विचारलंय ना, इजा कोणामुळे झाली म्हणून?"

क्रांकेनकासे म्हणजे आजारपणाचा खर्च देणारी संस्था. दुसऱ्याच्या चुकीने इजा झाली असेल तर ती तो खर्च त्याच्याकडून वसूल करते.

"विचारलंय."

"माळ ओवताना देवश्रीला तार लागली, असं सांगशील? त्यांच्याकडे नुसती 'डोळ्याला इजा' एवढीच नोंद आहे, पोलिसांचे कागद तिथे गेलेले नाहीत. आमचा विमा नाहीये गं. यांच्यावर सगळं येईल. आम्ही बुडू."

ऊर्मिलाने बुटांच्या नाड्या एकत्र बांधल्या. मग म्हणाली, "मनोरमाताई, तुम्ही दुसरं काहीही मागितलं असतं तर दिलं असतं. तार लागली म्हटलं की कोणाचीच चूक नाही. उद्या ती मोठी झाली, एका डोळ्यानं तिला हवं ते काम मिळालं नाही, तर ती कोणाकडे जाणार? माझ्याकडेच येईल ना विचारायला, की आई, तू खोटं का सांगितलंस?"

"विम्यानं तिचा डोळा थोडाच परत आला असता?"

"नाही आला. पण मग आज तुम्हाला हे मागावं लागलं नसतं. आणि मला नाही म्हणावं लागलं नसतं."

ती बूट घेऊन गेली. तिने खरे ते सांगितले. वकील आले, पत्रे आली. शेवटी विलासवर दरमहा हप्ता बसला, क्रांकेनकासेचा वेगळा आणि देवश्रीचा वेगळा. त्याने एकही चुकवला नाही. घराचे स्वप्न त्याने सोडून दिले. कोलोनला गणपतीत मराठी मंडळी जमत, तिथे दोन्ही कुटुंबे जाईनाशी झाली. समोर आले तर काय बोलायचे, हा दोघांनाही प्रश्न होता.

यंदा पोलिसांनी देशभर लोकांना सांगितले की, घरी नको असलेली शस्त्रे आणून द्या. दिवाळीच्या दिवशी विलासने मला जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी ठेवले. तो निघणार तोच ऊर्मिला दारात उभी. विलास मान खाली घालून आत गेला. मनोरमाने तिला बसायला सांगितले, पण ती बसली नाही.

"देवश्री बरी आहे?"

"बरी आहे. पोहायला जाते. ती विचारते, विलासकाका का येत नाहीत. मुलांचं बरं असतं." ऊर्मिला पुढे म्हणाली, "ताई, मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. विलासभाऊजींनी मुद्दाम केलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण दर महिन्याला बँकेत त्यांचं नाव येतं. जरा विसरायला लागले की त्यांचं नाव येतं, आणि तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो."

मनोरमाने घाबरत विचारले, "मग... हप्ते थांबवायचे का?"

"थांबवा कसं म्हणू? तो तिचा हक्क आहे. एखाद्या विमा कंपनीनं पैसे दिले असते, जिचं तोंडही मी पाहिलं नसतं, तर मी आज तुमच्याकडे फराळाला आले असते."

दोघी रडल्या. पण जवळ कोणी गेले नाही. ऊर्मिला जिना उतरून गेली, आणि विलास मला उचलून पोलीस ठाण्यात घेऊन आला.

मित्रांनो, मला वितळवणार याचे मला दुःख नाही. उरलेल्या लोखंडाची कोणी दाराची कडी केली तर मी आनंदाने होईन. तुमच्या घरी, काकांकडे, मित्राकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला आधी उघडून आत बघायला सांगा, मग कुलपात ठेवायला सांगा. आणि न लाजता विचारा, की हिच्यामुळे कोणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार? मोठी माणसे म्हणतील, कायद्याने सक्ती नाही. सक्ती असायला हवी होती, असे आता मला वाटते. कारण विलास सांभाळून वागणाराच माणूस होता. अजूनही आहे. पुढचा हप्ता एक तारखेला जाईल, आणि बॉनला ऊर्मिला त्याचे नाव वाचेल.